कष्टाची पाठ आणि समजून घेणारा हात

आपल्या माणसाच्या कष्टाचा सगळा भार पाठीवर असतो. हमालाची गोणी पाठीवर, गवंड्याच्या हाताखालच्या बाईचे घमेले डोक्यावर आणि त्याचा भार मानेवर, धुणीभांडी करणाऱ्या मावशीची दिवसभराची वाकण कमरेवर. तरीही आपल्या घरात पाठदुखीला कुणी आजार म्हणत नाही. ताप आला तर आपण दवाखाना गाठतो, पोराला खोकला झाला तर औषध आणतो. पण कंबर धरली तर तेल चोळायचे, गोळी गिळायची आणि पहाटे उठून पुन्हा कामाला लागायचे, ही आपली रीत. अंथरुणावरून उठताच येत नाही असे झाले म्हणजे मग धावाधाव.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झाले आणि एका कार्यालयात लिपिकाची नोकरी करते. पण गेली पंधरा-सोळा वर्षे वस्तीतल्या माणसांना घेऊन दवाखान्यात जाणे, केसपेपर काढणे, लाइनीत उभे राहणे, डॉक्टर काय म्हणाले ते समजावून सांगणे हे काम रजेच्या दिवशी आणि कधी रजा टाकूनही करीत आले आहे. या फेऱ्यांत सर्वांत जास्त वेळा जे दुखणे घेऊन गेले ते पाठीचे, कमरेचे आणि मानेचे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले.

निमित्त झाले ते एका मुलाच्या प्रश्नाचे. वर्षावासात आमच्या विहारात महिला मंडळाची बैठक होती. दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघाल्या तेव्हा दहावीतला एक मुलगा मोबाईल घेऊन पुढे आला. त्यात एक परदेशी माणूस रुग्णाची मान धरून झटका देत होता, 'कट्ट' असा आवाज येत होता आणि रुग्ण हसत उठत होता. "ताई, याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. माझ्या आजीला असं करून आणायचं का?" मुलाच्या मनात आजीची माया होती. त्याला नुसते 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागणार नव्हते. मी माहिती मिळवली, वाचले, जाणकारांना विचारले. त्यातून जे हाती आले ते पाठदुखीपुरते उरले नाही. आपल्या समाजाच्या जुन्या जखमेपर्यंत जाऊन पोहोचले.

कायरोप्रॅक्टिक हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्याचा साधा अर्थ हाताने केलेले काम. मणके, सांधे, स्नायू यांवर हाताने दाब किंवा झटका देऊन उपचार करण्याची ही पद्धत अमेरिकेत सुरू झाली. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाचा माणूस हातांनी उपचार करीत असे. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याने हार्वे लिलार्ड नावाच्या माणसाच्या पाठीच्या मणक्यावर दाब दिला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असे पामरचे म्हणणे. कानाची नस काही पाठीतून जात नाही, त्यामुळे वैद्यकशास्त्र हा दावा मानत नाही. पण या पद्धतीचा आरंभ त्याच दिवसापासून सांगितला जातो.

हा हार्वे लिलार्ड कोण होता? तो काळा माणूस होता आणि त्याच इमारतीत साफसफाईचे काम करीत होता. वाकून काम करताना पाठीत काहीतरी निसटल्यासारखे झाले आणि तेव्हापासून आपले ऐकू येणे गेले, असे त्याने पामरला सांगितले होते. म्हणजे या सबंध पद्धतीचा पहिला रुग्ण हा एक सफाई करणारा कष्टकरी होता. पुढे पामरने शाळा काढली, ती मोठी झाली, नावारूपाला आली. आणि त्याच शाळेत कित्येक वर्षे काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता! ज्याच्या पाठीवर पहिला प्रयोग झाला, त्याच्या लेकरांना ती विद्या शिकायला दार बंद. वाचकहो, हे वाचून तुम्हाला कुणाची आठवण झाली हे मी सांगायला नको. कष्टासाठी आपले शरीर चालते, विद्येसाठी आपला माणूस चालत नाही, हा न्याय काही एकाच देशाचा नाही.

हाताने करायच्या उपचारात स्पर्श आला. आणि स्पर्श म्हटला की आपला इतिहास आडवा येतो. परमपूज्य बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या आपल्या आठवणींच्या लिखाणात एक प्रसंग नोंदवला आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते, तेच त्यांनी तेथे दिले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. शेवटी आला तो अशा अटीवर की रुग्णाला वस्तीबाहेर आणायचे. फी घेतली दोन रुपये. थर्मामीटर त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्यांनी नवऱ्याच्या हाती आणि नवऱ्याने पत्नीला. परत घेतानाही तोच क्रम. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान सांगितले. नाडी नाही पाहिली, छाती नाही तपासली. ती बाई वाचली नाही.

आज कायदा आहे, संविधान आहे. दवाखान्यात उघडपणे 'तुला शिवत नाही' म्हणण्याची कुणाची छाती नाही. पण न शिवण्याचे अनेक प्रकार असतात. आमच्या शेजारी एक मावशी राहतात. सात घरची धुणीभांडी करतात. कमरेपासून उजव्या पायात कळ जाऊ लागली तेव्हा मी त्यांना एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेले. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण असे अनुभव एकाच ठिकाणी येतात असे नाही. तीन तासांनी आमचा नंबर लागला. समोरच्या डॉक्टरांनी नाव-आडनाव वाचले, 'काय होतंय?' विचारले आणि उत्तर पुरे व्हायच्या आत लिहायला सुरुवात केली. मावशी पाठ दाखवायला वळल्या, तर 'राहू द्या' म्हणाले. गोळ्या, कमरेचा पट्टा आणि सल्ला: वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, आराम करायचा. दोन मिनिटांत आम्ही बाहेर. पायऱ्या उतरताना मावशी हसून म्हणाल्या, "अगं पोरी, ही तिन्ही पथ्यं पाळायची तर खायचं काय, हे पण लिहून द्यायचं ना!"

आडनाव वाचून हात आखडला की नुसत्या गर्दीमुळे, हे मी कोर्टात शाबीत करू शकत नाही. पण ज्या पाठीने तीस वर्षे लोकांची घरे पुसली, त्या पाठीला तपासणाऱ्याचा हात लागला नाही एवढे खरे. जो सल्ला पाळताच येत नाही तो सल्ला देऊन उपयोग काय?

पुढे एकाने सांगितले म्हणून दुसऱ्या एका सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात गेलो. तिथे एक तरुण मुलगी होती. तिने आधी स्टूल पुढे केले आणि म्हणाली, "मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय काम करता ते सगळं सांगा." मावशींनी पहाटेच्या पाण्यापासून सांगायला सुरुवात केली. पाणी कुठून भरता, हंडा कोणत्या कमरेवर घेता, फरशी बसून पुसता की वाकून, किती जिने चढता, झोपता कशावर, हे सगळे तिने विचारले. कोपऱ्यातली बादली आणून उचलून दाखवायला सांगितली. मग पडदा ओढून घेतला आणि म्हणाली, "पाठीवरचा पदर थोडा बाजूला करावा लागेल. हात लावला तर चालेल ना? दुखलं की लगेच सांगा." मावशी आजवर कितीतरी डॉक्टरांकडे गेल्या होत्या, पण हात लावण्याआधी परवानगी कुणी मागितली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले ते दुखण्याने नव्हे.

तिने शेक दिला, हाताने हळूहळू मणक्यांची हालचाल करून घेतली आणि तीन व्यायाम शिकवले. खरी गोष्ट पुढेच आहे. 'वाकू नका' असे ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "गुडघे वाकवून उचला, बादली अंगाजवळ धरा. भरलेला हंडा एकदा नेण्यापेक्षा अर्धा दोनदा न्या. फरशीला दांडीचा पोछा मागा. एकाच बाजूवर रोज वजन घेऊ नका. भात शिजेपर्यंत हे व्यायाम होतात, वेगळा वेळ काढू नका." पोछ्याची गोष्ट मालकिणींशी बोलायला मी स्वतः मावशींबरोबर गेले. सातांपैकी पाच घरांनी आणून दिला. दोन महिन्यांनी दुखणे पूर्ण गेले असे नाही, पण मावशींना रात्री झोप लागू लागली आणि कामाचे खाडे थांबले. त्या मुलीचे आडनाव आम्ही विचारले नाही. मावशींचे आडनाव ऐकून तिचा चेहराही बदलला नाही.

उपचार करणाऱ्याने माणसाची भाषा, काम, घर, लाजलज्जा, समजुती आणि खिसा ध्यानात घेऊन उपचार करावा, असे आता जगभर आरोग्याच्या शिक्षणात सांगितले जाते. त्याला मोठमोठी नावे आहेत. मला त्याचा अर्थ त्या मुलीच्या स्टुलावर कळला. माणसाला आधी माणूस म्हणून विचारा, मग मणका तपासा.

समजुतींबद्दलही बोलले पाहिजे. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याचा पाय पाठीला लावून घेतात. कुणी बिब्बा घालतात, कुणी डाग देतात, कुणी हाडवैद्याकडे जातात, कुणी न्हाव्याकडे मान मोडून घेतात. बाबासाहेबांनी आपल्याला विचार करायला शिकवले. पायाने जन्मलेल्या माणसाच्या पायात औषध कुठून येणार? उसण बहुतेक वेळा आपोआप काही दिवसांत उतरते आणि श्रेय पायाळूला मिळते. पण आपल्या म्हाताऱ्या माणसांना याबद्दल हिणवण्यात अर्थ नाही. दवाखाना दूर होता, डॉक्टर शिवत नव्हता, तेव्हा त्यांनी जवळ होते ते केले. चांगला उपचार करणारा हसत नाही, ऐकून घेतो. तेलाचा हात फिरवा, शेक घ्या, त्याने बरे वाटते, असे सांगतो. आणि बिब्ब्याने कातडी जळते, डागाने जखम चिघळते, झटक्याने मान मोडू नका, हेही स्पष्ट सांगतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. मानेला जोरात झटका दिल्याने क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून झटका येतो, पक्षाघात होतो. असे थोड्यांचे होते, पण ज्याचे होते त्याचे घर बसते. म्हाताऱ्या बायांची हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यांना असा झटका मुळीच देऊ नये. शिवाय दाट वस्त्यांत मणक्याचा क्षय आढळतो. बारीक ताप, रात्री वाढणारे दुखणे, वजन घटणे, भूक मरणे अशी लक्षणे असतील तर चोळायला किंवा मोडायला नेऊ नका, डॉक्टरकडे न्या. क्षयावर सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि रोग बरा होतो. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, पायातली ताकद जाणे, दोन मांड्यांमध्ये बधिरपणा येणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यातले काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका.

असे काही नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. नव्याने उसळलेली बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत कमी होते. अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा झेपेल तेवढे हिंडतेफिरते राहणे बरे. प्रत्येकाला एमआरआय लागत नाही. वय वाढले की न दुखणाऱ्या पाठीतही गादी थोडी सरकलेली दिसते, म्हणून नुसता फोटो पाहून ऑपरेशनला होकार देऊ नका. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केले. जगात २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, म्हणजे दर तेरा माणसांत एकाला, असे तिने सांगितले. दुखण्याची नीट माहिती, व्यायाम, जाणकाराच्या हाताने मणक्यांवर केलेला उपचार आणि मालिश यांचा उपयोग होऊ शकतो, असे त्यात आहे. उलट कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणे नेहमीच्या उपचारात नको, असेही आहे. आमच्या वस्तीत पट्टा नाही असे घर विरळाच!

आपल्याकडे कायरोप्रॅक्टिक करणारे फार थोडे, तेही मोठ्या शहरात आणि महागडे. आपल्याला परवडणारा मार्ग सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागाचा. हातांनी करायचे बरेचसे उपचार तेथे होतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीला वैद्यकपूरक व्यवसायांत कायदेशीर स्थान मिळाले आहे. तेव्हा पाठीला हात लावू देण्याआधी 'तुमचे शिक्षण काय, नोंदणी कुठली?' हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. मोबाईलवरचा 'कट्ट' आवाज म्हणजे पदवी नव्हे.

बायांच्या कंबरदुखीची कथा आणखी वेगळी. बाई कंबर दुखते म्हणाली, अंगावरून पांढरे जाते म्हणाली, की काही ठिकाणी सरळ पिशवी काढायचा सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांची पाहणी २०१९ मध्ये शासनाच्या समितीने केली. ८२ हजार ३०९ बायांपैकी १३ हजार ८६१ बायांची गर्भाशये काढलेली आढळली. दुखणे मोळीच्या ओझ्याचे आहे की आणखी कशाचे, हे नीट विचारले असते तर यातल्या कितीतरी बाया त्या टेबलावर गेल्या नसत्या. न ऐकणाऱ्या उपचाराची किंमत अशी मोजावी लागते.

मी हिशेबाची माणूस, म्हणून एक हिशेब मांडते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चांगले झाले. पण मावशींच्या एका फेरीचा खर्च केसपेपरमध्ये नसतो. एका दिवसाचा खाडा, येण्याजाण्याची रिक्षा, दुपारचा चहा-पाव, आणि दोन खाडे झाले की काम जाण्याची धास्ती. म्हणून 'आठवड्यातून तीनदा या' असे सांगणाऱ्याने आधी 'येता येईल का?' असे विचारले पाहिजे. आणि आपणही तोंड उघडून सांगितले पाहिजे: साहेब, रोज येणे जमत नाही, घरी करण्यासारखे शिकवा. हे सांगणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

शेवटी ओझ्याचा प्रश्न उरतोच. दवाखान्यात पाठ सरळ करायची आणि दुसऱ्या दिवशी तेच ओझे घ्यायचे, यात बरे कसे व्हायचे? माणसाने एका वेळी ५५ किलोपेक्षा जास्त ओझे वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली. कारखान्याच्या कायद्यात इजा होईल इतके ओझे कामगाराला उचलायला लावू नये असे कलम घातले गेले. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आला तो हमालांच्या लढ्यातून. पण नाक्यावरचा बिगारी, ठेक्यावरचा सफाई कामगार, घरकामाची बाई यांच्या पाठीला कुणाचे कलम पुरत नाही. त्यासाठी संघटनाच हवी. पाठदुखीचे निम्मे औषध कामाच्या ठिकाणी आहे.

आपल्या हातात आज काय आहे? शेजारची बाई किंवा काका दवाखान्यात निघाले तर एकटे पाठवू नका, शिकलेल्या पोराला बरोबर द्या. निघण्याआधी एका कागदावर लिहून न्या: दुखणे कधीपासून, काम कोणते, ओझे किती, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या, बिब्बा-डाग काही केले का. डॉक्टरांनी हात न लावता कागद लिहिला तर नम्रपणे म्हणा, "साहेब, एकदा पाठ तपासून बघा ना." विहारात महिन्यातून एक रविवार पाठीच्या व्यायामासाठी ठेवा. आणि बारावीला विज्ञान घेतलेल्या आपल्या मुलामुलींच्या कानावर डॉक्टर-इंजिनिअरच्या जोडीला फिजिओथेरपीचेही नाव घाला. मावशींना बरे करणारे हात आपल्या घरातूनही तयार झाले पाहिजेत. त्या हातांना मावशीच्या हंड्याचे वजन पुस्तकात शोधावे लागणार नाही.

त्या मुलाच्या आजीला आम्ही फिजिओथेरपी विभागात नेले. मान मोडली नाही. उशीची उंची कमी केली, दोन व्यायाम दिले, आणि नातवाला ते रोज करून घ्यायचे काम दिले. तो ते करतो आहे.